सात मैल, पस्तीस मिनिटं

एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाची एक खोड जात नाही. रस्त्यानं बस गेली की तो आधी घड्याळ बघतो आणि मग आत किती माणसं आहेत ते मोजतो. लेकीकडे अमेरिकेला निघालो तेव्हा पापड-लोणची तोलूनमापून बॅगेत बसवली. ही खोड मात्र वजनकाट्यावर न चढताच बरोबर आली.

लेक राहते नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅरी गावात. पाइनच्या दाट झाडीत लपलेल्या वसाहती, तळी, सरळसोट रस्ते. मराठी बोलणारी इतकी माणसं भेटली की भाजी आणायला जाताना आपण परदेशात आहोत हे आठवावं लागे. नातू तिसरीत. त्याला कोपऱ्यावरच्या थांब्यावर सोडायचं काम मी मागून घेतलं, कारण तिथे पिवळी बस येते. ती थांबली की तिच्या डाव्या कुशीतून लाल पाटी हातासारखी बाहेर येते आणि दोन्ही बाजूंच्या मोटारी जागच्या जागी उभ्या राहतात. कुणी हॉर्न वाजवत नाही की कडेनं घुसत नाही. आमच्या चालकांना हे दाखवायला हवं होतं, असं रोज वाटायचं.

थांब्यावर नातीला सोडायला एक निवृत्त शिक्षिकाबाई येत. कृष्णवर्णीय, सत्तरीच्या पुढच्या. मी बसखात्यातला म्हटल्यावर त्यांनी त्यांच्या लहानपणच्या बसची हकिगत सांगितली. गोऱ्या मुलांची शाळा घरापासून पायी जाण्याइतकी जवळ होती. पण त्यांची बस त्या शाळेवरून पुढे जायची आणि कितीतरी मैलांवरच्या काळ्या मुलांच्या शाळेपाशी थांबायची. बस चालवायला वरच्या वर्गातलाच एक मुलगा असायचा. याचं मला भारीच नवल वाटलं, पण ते खरं आहे. या राज्यात शाळकरी पोरं शाळेच्या बस चालवायची आणि ही पद्धत थेट १९८८ पर्यंत टिकली.

बाईंनीच सुचवलं म्हणून गावच्या वाचनालयात जाऊन एका खटल्याचा निकाल वाचायला घेतला. स्वॉन विरुद्ध शार्लट-मेक्लेनबर्ग शिक्षण मंडळ, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, २० एप्रिल १९७१. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण मधेच एक परिच्छेद असा आला की मी खुर्ची पुढे ओढली. त्यात चक्क वेळापत्रक होतं. शार्लट शहराच्या जुन्या व्यवस्थेत रोज २३,६०० मुलं बसनं जायची, एका बाजूचं सरासरी अंतर १५ मैल, वेळ तासाहून जास्त. काळी-गोरी मुलं एका शाळेत आणणाऱ्या नव्या योजनेत प्राथमिकच्या मुलांचा प्रवास सरासरी सात मैलांचा आणि फार तर पस्तीस मिनिटांचा. आणि या नव्या योजनेविरुद्ध शहर पेटलं होतं!

अंतर कमी होतं आणि वेळही वाचत होता, तरी प्रवाशांची तक्रार. असं झालं की नियंत्रकानं समजावं, तक्रार गाडीबद्दल नाही. जावयाला म्हटलं, दोन दिवस रजा काढा, आपण शार्लटपर्यंत जाऊन येऊ. तो बिचारा डोंगर नाहीतर समुद्र दाखवायच्या तयारीत होता.

*

सुरुवात राजधानीपासून केली. रॉलीत गव्हर्नरच्या वाड्यापासून जवळच, पर्सन स्ट्रीटवर, मर्फी शाळेची जुनी विटांची इमारत आहे. तिथे आता ज्येष्ठांसाठी घरं आहेत आणि शाळेच्या सभागृहात नाटकं होतात. १९६० साली बिल कॅम्पबेल नावाचा सात वर्षांचा मुलगा या शाळेच्या पायऱ्या चढला. रॉलीतल्या गोऱ्यांच्या सरकारी शाळेत आलेला हा पहिला काळा विद्यार्थी. पुढे तो अटलांटाचा महापौर झाला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वर्णावरून वेगळ्या ठेवलेल्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या त्या १७ मे १९५४ रोजी. म्हणजे निकालानंतर राजधानीत एक मूल आत यायला सहा वर्षं लागली. हा उशीर दंगलीमुळे झाला नव्हता. तो नीट आखलेला होता. तेव्हाचे गव्हर्नर लूथर हॉजेस कापडगिरण्यांच्या व्यवस्थापनातून राजकारणात आलेले. आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नव्हता. १९५५ च्या कायद्यानं कुठलं मूल कुठल्या शाळेत जाईल हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक मंडळांकडे गेला. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नाही. पण शाळा बदलून हवी असेल त्या प्रत्येक मुलाच्या पालकानं वेगळा अर्ज करायचा आणि मंडळानं तो फेटाळायचा. पुढच्या वर्षी पीअरसॉल योजना आली. एकत्र शाळा नको असणाऱ्या पालकांना खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी मदत, आणि लोकांनी मतदान केल्यास आपल्या भागातली शाळाच बंद करण्याची मुभा. मतदारांनी ही योजना प्रचंड बहुमतानं मंजूर केली. शाळा बंद करण्याचा अधिकार कुणी वापरला नाही, कारण गरजच पडली नाही. अर्जांच्या चाळणीतून मुळात फारसं कुणी खाली उतरतच नव्हतं. १९६६ मध्ये न्यायालयानं ही योजना घटनाबाह्य ठरवली, तोवर एक पिढी शाळेतून बाहेर पडली होती.

हॉजेस यांच्यानंतर १९६१ मध्ये टेरी सॅनफर्ड आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही महागात पडणाऱ्या होत्या. शाळांसाठी पैसा उभा करायला अन्नधान्यावरही विक्रीकर लावला आणि आपली मुलं याच मर्फी शाळेत घातली. जानेवारी १९६३ मध्ये, दक्षिणेतच दुसरीकडे एक गव्हर्नर वर्णभेद टिकवण्याची शपथ घेत असताना, नोकऱ्यांतला भेदभाव संपवा असं त्यांनी उघड आवाहन केलं. त्याच शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्रावरून १९६० पासून जेसी हेल्म्स नावाचे गृहस्थ रोज संध्याकाळी याच्या नेमकं उलट बोलत होते. तेही लोकांना आवडत होतं. इतकं आवडत होतं की १९७२ मध्ये त्यांना सिनेटवर निवडून दिलं आणि पुढची तीस वर्षं तिथेच ठेवलं. एकाच मतदारसंघात दोन्ही नावं निवडून येतात, हे राज्य समजायचं तर एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

*

रॉलीहून डरहॅमकडे जाताना जावयाचं ऑफिस लागतं. ते ज्या वसाहतीत आहे ती रिसर्च ट्रायँगल पार्क. रॉली, डरहॅम आणि चॅपल हिल या तीन गावांतल्या तीन विद्यापीठांच्या मधोमध, सात हजार एकरांवर पसरलेली. हजारो भारतीय, त्यांत आपली मराठी माणसं, इथल्या पगारावर या राज्यात घरं घेऊन राहिलेली आहेत. इमारती मात्र दिसतच नाहीत. नुसती पाइनची झाडी, आणि झाडीत कंपनीच्या नावाचा एक बेताचा दगड.

पन्नासच्या दशकात हे राज्य तंबाखू, कापड आणि फर्निचर यांवर जगत होतं आणि दरडोई उत्पन्नात देशाच्या तळाशी होतं. शिकलेली मुलं बाहेर जात. विद्यापीठांच्या जोरावर संशोधनाचा धंदा आणावा ही कल्पना एका बांधकाम कंत्राटदाराच्या डोक्यातून आली, गव्हर्नर हॉजेस यांनी ती उचलून धरली, आणि आर्ची डेव्हिस या बँकवाल्यानं राज्यभर फिरून वर्गणी गोळा केली. नफा वाटून घ्यायचा नाही अशा संस्थेच्या हाती जमीन गेली. १९५९ मध्ये वसाहत सुरू झाली. १९६५ मध्ये आयबीएमनं येण्याचं जाहीर केल्यावर गाडी खरी मार्गी लागली.

मला खटकलं ते हे, की शाळांसाठी अर्जांची चाळणी लावणारा गव्हर्नर आणि ही वसाहत उभारणारा गव्हर्नर एकच. मग कळलं, यात विसंगती काहीच नाही. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ काळ्या मुलांना शाळेत न्यायला लष्कर आणावं लागलं आणि त्यानंतर काही वर्षं त्या शहराकडे नवे मोठे कारखाने फिरकले नाहीत. व्हर्जिनियात तर शाळांना टाळी ठोकली गेली. नॉर्थ कॅरोलायनाच्या कारभाऱ्यांनी हे पाहिलं आणि ठरवलं की आपल्याकडे टाळंही नको आणि लष्करही नको. बाहेरच्या गुंतवणूकदाराला दिसेल एवढी शांतता हवी, आणि त्या शांततेला धक्का लागणार नाही एवढाच बदल करायचा.

डरहॅममध्ये फार रेंगाळलो नाही, पण पॅरिश स्ट्रीटवर उतरलो. १८९८ मध्ये स्थापन झालेली नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही काळ्या मालकांची विमा कंपनी इथली. तिच्या सोबतीनं बँक उभी राहिली, दुकानं आली. गोऱ्या विमा कंपन्या काळ्या माणसांना नीट विमा देत नव्हत्या, म्हणून हा धंदा त्यांनी स्वतःच केला. धंद्याला शांतता लागते हे खरं, पण धंद्यातून स्वाभिमानही येतो, हे सांगणारी ही एवढीच एक गल्ली आमच्या वाटेवर होती.

*

ग्रीन्सबरोला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. हे कापडगिरण्यांचं गाव. जीन्सचं कापड विणणारी इथली व्हाइट ओक गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली. बर्लिंग्टन इंडस्ट्रीज ही एके काळी जगातली सर्वांत मोठी कापड कंपनी याच गावची.

साउथ एल्म स्ट्रीटवर वुलवर्थचं जुनं दुकान आहे. आता ते नागरी हक्कांचं संग्रहालय झालंय. आत खाण्याचा लांब काउंटर आहे आणि त्याच्यासमोर स्टुलांची रांग. १ फेब्रुवारी १९६० रोजी इथल्या कृषी व तंत्र महाविद्यालयातले चार काळे विद्यार्थी आले. इझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मॅकनील. त्यांनी आधी दुकानाच्या दुसऱ्या भागात बारीकसारीक वस्तू घेतल्या आणि पावत्या जपून ठेवल्या. मग येऊन स्टुलांवर बसले आणि कॉफी मागितली. एका काउंटरवर ज्यांचा पैसा चालतो त्यांना दुसऱ्या काउंटरवर कॉफी का नाही, हा प्रश्न त्या पावत्यांत होता. कॉफी मिळाली नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले, दुसऱ्या दिवशी आणखी मुलं घेऊन आले, आणि काही आठवड्यांत दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत असे काउंटर अडले.

त्या स्टुलांसमोर उभा असताना मला आमच्या लहानपणीच्या स्टँडवरचं चहाचं हॉटेल आठवलं. बाहेर खिळ्याला टांगलेल्या दोन फुटक्या कानांच्या कपबश्या असायच्या आणि त्या कुणासाठी ते सगळ्यांना ठाऊक असायचं. मी तिथे पाच वर्षं रोज चहा प्यालो. कधी एका शब्दानं विचारलं नाही. इथे चार पोरांनी विचारलं, एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

महापौरांनी तडजोडीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष एडवर्ड झेन, बर्लिंग्टन इंडस्ट्रीजचे उपाध्यक्ष. म्हणजे इथेही मध्यस्थ धंद्यातलाच. बोलणी लांबली, मुलं पुन्हा बसली, बहिष्कारानं विक्री घसरली, दुकानाचं नुकसान दोन लाख डॉलरच्या घरात गेलं. २५ जुलै १९६० रोजी काउंटर खुलं झालं. पहिले ग्राहक कोण असावेत? त्याच दुकानात काम करणारे काळे नोकर. जे काउंटर त्यांनी इतकी वर्षं पुसलं, तिथे त्या दिवशी रोजचा गणवेश उतरवून, आपल्या कपड्यांत ते बसले आणि जेवले. गाजावाजा होऊ नये म्हणून व्यवस्थापकानं काढलेली ही युक्ती. पण मला त्या जवळजवळ सहा महिन्यांतलं हेच जेवण सगळ्यांत मोठं वाटतं.

याच गावच्या शाळांची गोष्ट ऐकून मात्र हसावं की रडावं कळेना. १९५४ च्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी, १८ मे रोजी, ग्रीन्सबरोच्या शिक्षण मंडळानं ठराव केला की आम्ही निकाल पाळू. दक्षिणेत असा ठराव करणाऱ्या पहिल्या शहरांपैकी हे एक. आणि शाळा पुरत्या एकत्र झाल्या १९७१ मध्ये, सतरा वर्षांनी, दक्षिणेतल्या बहुतेक शहरांच्या मागून. मधल्या काळात सगळे एकमेकांशी अतिशय सभ्यपणे बोलत होते. विल्यम चेफ या इतिहासकारानं १९८० मध्ये या शहरावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की इथे सौजन्य हेच नकाराचं हत्यार होतं. सरकारी कचेरीत आयुष्य घातलेल्या मला हे समजायला पुस्तक लागलं नाही. ‘तुमच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार चालू आहे’ या वाक्याचं वय मला माहीत आहे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाला वाट वाकडी करायला लावली. हाय पॉइंट गावात पिवळ्या बस बांधणारा थॉमस कारखाना आहे. १९१६ मध्ये ट्राम बांधण्यापासून सुरुवात झाली. ट्रामचा जमाना सरू लागला तेव्हा १९३६ मध्ये त्यांनी शाळेच्या बस बांधायला घेतल्या. बाहेरूनच पाहिला, तरी कुंपणाआड रांगेनं उभ्या कोऱ्या पिवळ्या गाड्या पाहून मन भरलं. बसचा हा पिवळा रंगही ठरवून आलेला आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं त्यावर उठून दिसतात म्हणून १९३९ च्या एका परिषदेत तो देशभरासाठी निवडला गेला. गाडीला रंग असतो तो लांबून दिसावा म्हणून. आत बसणाऱ्यांचा रंग कुठे बघायचा, हे त्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर नव्हतं.

शार्लट लांबूनच कळतं. सपाट मुलखातून एकदम काचेचे मनोरे वर येतात. त्यातला सर्वांत उंच साठ मजल्यांचा, बँक ऑफ अमेरिकाचा. इथली एक प्रादेशिक बँक ह्यू मकॉल या धडाडीच्या माणसानं एकामागून एक बँका गिळत नेली आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाची बँक ऑफ अमेरिकाच घेतली. नाव त्यांचं ठेवलं, मुख्यालय शार्लटला आणलं.

या मनोऱ्यांपासून जवळच अर्विन अव्हेन्यू. इथे पूर्वी हार्डिंग हायस्कूल होतं. १९५७ साली राज्यातल्या तीन शहरांत मिळून जेमतेम डझनभर काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश मिळाला होता. त्यांतली एक डोरोथी काउंट्स, पंधरा वर्षांची, चौकड्यांच्या नव्या झग्यात, ४ सप्टेंबरला इथून चालत गेली. मागे हसणाऱ्या, थुंकणाऱ्या मुलांचा घोळका. ते छायाचित्र जगभर गेलं आणि त्या वर्षीचं सर्वोत्तम वृत्तछायाचित्र ठरलं. चार दिवसांनी घरच्यांनी तिला शाळेतून काढलं. लष्कर आलं नाही, शाळेला टाळं लागलं नाही. शहराच्या हिशेबी सगळं सुरळीत पार पडलं होतं.

१९६३ च्या मे महिन्यात महापौर स्टॅन ब्रुकशायर आणि व्यापारी मंडळानं एक देखणी गोष्ट केली. काळ्या आंदोलकांचा मोर्चा निघाल्यावर, कायदा यायच्या आधीच, गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकेका काळ्या पुढाऱ्याला सोबत घेऊन शहरातल्या बड्या हॉटेलांत जेवण केलं. हॉटेलं खुली झाली. जेवण एका दुपारचं असतं. शाळा बारा वर्षांची असते. तिथे मात्र कुणी सोबत घेऊन गेलं नाही.

मग स्वॉन कुटुंब आलं. डॅरियस आणि व्हेरा स्वॉन हे काळे मिशनरी जोडपं कुठून परतलं होतं, तर भारतातून! त्यांचा मुलगा जेम्स सहा वर्षांचा. भारतात असताना वर्णावरून वेगळ्या शाळा त्यानं पाहिल्या नव्हत्या. शार्लटला आल्यावर जवळच्या मिश्र शाळेतून काढून त्याला फक्त काळ्यांच्या शाळेत पाठवण्यात आलं. आईवडिलांनी १९६४ मध्ये मंडळाला पत्र लिहिलं, उपयोग झाला नाही, आणि १९६५ मध्ये दावा दाखल झाला. हे वाचून मान ताठ करणार होतो, पण कालची कपबशी आठवली. त्या मुलानं आपला देश पाहिला खरा, आपली सगळीच दारं पाहिली नव्हती.

वकील होते ज्युलियस चेंबर्स. त्यांचे वडील लहान गावात मोटारी दुरुस्त करायचे. एका गोऱ्या गिऱ्हाइकानं ट्रकचं काम करून घेऊन पैसे बुडवले आणि त्यांचा दावा चालवायला एकही वकील मिळाला नाही. मुलानं तेव्हाच ठरवलं काय व्हायचं ते. १९६५ मध्ये त्यांची मोटार बॉम्बनं उडवली, त्याच वर्षी घरावर बॉम्ब टाकला, १९७१ मध्ये कचेरी जाळली. चेंबर्स खटला लढवत राहिले.

न्यायाधीश जेम्स मॅकमिलन शहरातलेच, प्रतिष्ठितांत ऊठबस असलेले. सुरुवातीला त्यांनाही वाटे की शार्लटमध्ये सगळं ठीक आहे. मग आकडे समोर आले. १०७ शाळा, ८४,००० मुलं, त्यांतली २९ टक्के काळी. शहरातल्या २१,००० काळ्या मुलांपैकी दोनतृतीयांश अशा २१ शाळांत, जिथे गोरं मूल जवळजवळ नव्हतंच. १९६९ मध्ये त्यांनी आदेश दिला आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये बस नव्या मार्गांवर निघाल्या. न्यायाधीशांचे पुतळे जळले, मित्रांनी पाठ फिरवली. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये एकमतानं त्यांचा आदेश कायम केला.

इथे ते सात मैल आले. बस तीच आणि रस्ता आधीपेक्षा जवळचा. बदलली होती ती फक्त बसवरची अखेरच्या थांब्याची पाटी.

सुरुवातीच्या मार्गांत एक मेख होती. शहराच्या आग्नेयेकडच्या श्रीमंत गोऱ्या वस्त्यांतल्या मुलांना काळ्या वस्तीतल्या शाळांत फारसं जावं लागत नव्हतं. भार पडत होता काळ्यांवर आणि कामगार गोऱ्यांवर. काळ्यांची अभिमानाची सेकंड वॉर्ड शाळा तर १९६९ मध्येच बंद झाली. शहराच्या मध्यभागी तिची व्यायामशाळा तेवढी उभी आहे, तीही पाहिली. मॅगी रे या बाईंच्या पुढाकारानं नागरिकांच्या समितीनं १९७४ मध्ये मार्ग नव्यानं आखले. श्रीमंतांच्या मुलांनाही बसमध्ये बसवलं. मार्ग आखणं हे माझं काम होतं म्हणून सांगतो, ओरड नुसत्या अंतरावरून होत नाही, आपल्याच वाट्याला का, यावरून होते. सगळ्यांच्या वाट्याला आलं तेव्हा शहर निवळलं.

त्यानंतर काही वर्षं शार्लटमध्ये खरंच काही घडलं. काळ्यांची वेस्ट शार्लट शाळा राज्यातल्या नामांकित मिश्र शाळांत गणली जाऊ लागली. बॉस्टनमध्ये बसवर दगड पडत होते तेव्हा, १९७४ मध्ये, वेस्ट शार्लटच्या मुलांनी बॉस्टनच्या मुलांना आपलं कसं चालतं ते बघायला बोलावून घेतलं. १९८३ मध्ये शहरानं हार्वी गँट या काळ्या वास्तुविशारदाला महापौर केलं. ऑक्टोबर १९८४ मध्ये रोनाल्ड रेगन प्रचाराला आले आणि मुलांना बसनं हलवण्याचा प्रयोग फसला आहे असं बोलून बसले. समोर त्यांचेच समर्थक, पण टाळ्या पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी इथल्या वृत्तपत्रानं राष्ट्राध्यक्षांना अग्रलेखातून सुनावलं की तुम्ही चुकलात, आम्हाला या शाळांचा अभिमान आहे. बँकवाले आणि व्यापारी मंडळही हेच सांगून कंपन्या आणत होते. इथे तंटा नाही, या.

आणि कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर माणसं आली. हजारोंनी आली, देशभरातून. त्यांनी ना ते छायाचित्र पाहिलं होतं, ना १९७४ ची समिती. त्यांना घर हवं होतं आणि घराजवळ चांगली शाळा. १९९७ मध्ये अशाच एका नव्यानं आलेल्या बापानं दावा लावला, माझ्या मुलीला तिच्या वर्णामुळे विशेष शाळेत जागा मिळाली नाही म्हणून. हा दावा ज्यांच्यापुढे आला ते न्यायाधीश रॉबर्ट पॉटर, न्यायासनावर येण्यापूर्वी बसयोजनेविरुद्ध जाहीरपणे बोललेले. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांनी जुना आदेश संपवला, अपिलांतही तेच टिकलं. २००२ पासून मुलं पुन्हा आपापल्या वस्तीच्या शाळांकडे वळली. शांततेनं भरभराट आणली आणि भरभराटीनं आणलेल्या माणसांनी ती शांतता ज्यावर उभी होती ते काढून घेतलं. २०१४ मध्ये अर्थतज्ज्ञांनी देशातल्या ५० मोठ्या शहरांत गरीब घरातलं मूल वर चढण्याची शक्यता मोजली. शार्लट पन्नासावं आलं. सगळ्यांत खालच्या पाचव्या हिश्शातलं मूल सगळ्यांत वरच्या पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता ४.४ टक्के.

जावई गाडी चालवताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, आपण कॅरीत घर घेतलं तेव्हा मीही आधी शाळेचे गुण पाहिले. बाकीचं नंतर.” त्यांच्या वेक जिल्ह्यातही २००० पासून कुठल्याच शाळेत गरीब मुलं चाळीस टक्क्यांहून जास्त नसावीत असं धोरण होतं, २०१० मध्ये नव्या मंडळानं ते रद्द केलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला दोष कसला देणार? त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आमच्याकडे खेड्यातल्या मुलींना शाळेत न्यायला मानव विकास मिशनच्या निळ्या गाड्या सुरू झाल्या, त्यांचं वेळापत्रक लावताना मी तिकिटाचा हिशेब केला नव्हता. कारण काही फेऱ्या भारमान, म्हणजे किती जागा भरल्या ते, बघून चालवायच्याच नसतात. त्या चालू ठेवायच्या असतील तर त्या का सुरू केल्या हे लक्षात ठेवणारं कुणीतरी आगारात लागतं.

परतण्याआधी वेस्ट शार्लट हायस्कूलपाशी गेलो. २०२२ मध्ये बांधलेली नवी, झकास इमारत. सुटण्याची वेळ होती. रस्त्याच्या पलीकडे थांबून पाहिलं. पिवळ्या गाड्या क्रमांकानं लागल्या होत्या. घंटा झाली, मुलं बाहेर आली, हसत, ढकलाढकली करत, कुठल्याही शाळेतल्या मुलांसारखी. सवयीनं मोजू लागलो. पहिली गाडी भरली, दुसरी भरली. खिडक्यांतून दिसणारे चेहरे बहुतेक काळे, काही लॅटिन अमेरिकी वळणाचे. गोरा चेहरा शोधत पाचव्या गाडीपर्यंत गेलो आणि मोजणं सोडलं.

लाल पाट्या मिटल्या, गाड्या एकामागून एक हलल्या. घड्याळ पाहिलं. सगळ्या वेळेवर सुटल्या होत्या, भारमानही चांगलं होतं. नियंत्रकाच्या वहीत त्या दिवशी शेरा मारावा असं काहीही नव्हतं.